होडी जागेवरच होती, रिपोर्ट अपुरा होता

धक्क्यापासून ५०० मीटरवर नांगरलेली एक होडी धरा. होडीवर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर आहे, पाण्यापासून ३ मीटर उंच. धक्क्यावर रिसीव्हर. सुकतीला तो पाण्यापासून १० मीटर उंच असतो, भरतीला पाणी अडीच मीटर चढलं की साडेसात. होडी पाण्याबरोबर वर येते, त्यामुळे तिच्यावरच्या ट्रान्समीटरची उंची तीच राहते. रिसीव्हर सर्व्हरला एकच आकडा कळवतो, तो म्हणजे सिग्नल किती जोरात आला. सर्व्हर त्यावरून अंतर काढतो.

होडी हललेली नाही, तेव्हा उत्तर दोन्ही वेळी सारखं यायला हवं. पण भरतीच्या वेळी यंत्र जुळवून ५०० मीटर दाखवायला लावलं, तर सुकतीला तेच यंत्र ३ किलोमीटर दाखवेल.

याचं गणित वहीच्या एका पानात मावतं. रिसीव्हरकडे दोन लहरी पोचतात: एक सरळ, दुसरी पाण्यावर आपटून. दोघींच्या वाटांमधला फरक साधारण ‘२ गुणिले एक उंची गुणिले दुसरी उंची, भागिले अंतर’ इतका असतो. सुकतीला २ × १० × ३ ÷ ५०० म्हणजे १२ सेंटिमीटर. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे फरक जवळजवळ एका पूर्ण लहरीचा. पाण्यावर इतक्या तिरक्या कोनात आपटताना लहर उलटीही होते. त्यामुळे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि सिग्नल नुसत्या सरळ लहरीपेक्षा १२ डीबीने (डीबी हे सिग्नलच्या जोराचं माप) पडतो. भरतीला फरक ९ सेंटिमीटरवर येतो, लहरी थोड्या जुळतात आणि सिग्नल पावणेचार डीबीने चढतो. दोन्ही मिळून तफावत सुमारे १६ डीबी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने घटतो. तेव्हा १६ डीबी म्हणजे सहापटीहून थोडं जास्तच अंतर.

हे गणित आरशासारख्या शांत पाण्याचं आहे. लाटा असल्या की खड्डा इतका खोल पडत नाही. पण खाडीत, वारा पडलेला असताना, असंच काहीसं दिसतं, आणि मग यंत्र बिघडलं म्हणून बोर्ड बदलले जातात. बोर्ड ठीक असतो. त्याने सर्व्हरला जे सांगायला हवं होतं ते सांगितलेलं नसतं.

वायरलेसवरून जागा ओळखणं आणि वायरलेसवरून हालचाल ओळखणं या दोन्ही कामांत मोजणारा एक असतो आणि निष्कर्ष काढणारा दुसरा. मधे असतो तो रिपोर्ट. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर ज्यांच्या आगरांचे पंचनामे झाले, त्यांना हे वेगळं समजावायला नको. ‘माडांचं नुकसान’ एवढंच लिहिलेला कागद वर गेला, तर वरच्या टेबलावरच्या माणसाला किती माड, किती वयाचे, मोडले की उन्मळले, यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त कागद दिसतो. सर्व्हरचंही तसंच आहे. त्याने आपली वाडी पाहिलेली नाही.

जोर मोजण्यापेक्षा वेळ मोजा

वरच्या होडीच्या उदाहरणात दोन लहरींच्या पोचण्यात ०.४ नॅनोसेकंदाचा फरक आहे. इतका बारीक फरक नेहमीच्या यंत्रांना वेगळा काढता येत नाही, पण त्याची गरजही नाही. प्रकाश आणि रेडिओ लहरी एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातात. जोराऐवजी वेळेवरून अंतर काढलं तर भरती-सुकतीच्या या खेळाने उत्तर किलोमीटरने चुकत नाही. म्हणून नवी मानकं वेळेवर भर देतात.

वेळ कळवतानाही पायरी किती मोठी हे महत्त्वाचं. जुन्या टूजीमध्ये टॉवर फोनला वेळ जुळवायला सांगायचा ती पायरी अंतराच्या भाषेत सुमारे ५५० मीटरची होती. फोरजीत ती ७८ मीटरवर आली. फाइव्हजीत जागा शोधण्यासाठी वेगळी मोजणी आहे. तिचं मूळ एकक ०.५०९ नॅनोसेकंद, म्हणजे १५ सेंटिमीटर. रिपोर्ट या एककाच्या १, २, ४, ८, १६ किंवा ३२ पट पायरीत देता येतो. ३२ पट घेतली तर पायरी जवळजवळ ५ मीटरची होते. आपल्या नेहमीच्या, ७ गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतच्या पट्ट्यांत चौपट पायरीपासून सुरुवात होते, म्हणजे ६१ सेंटिमीटर. पायरी अर्धी केली की रिपोर्टमध्ये एक बिट वाढतो. तीन बिटांसाठी कंजुषी करून ६१ सेंटिमीटरऐवजी ५ मीटरची पायरी स्वतःहून ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

पहिली वाट आणि मोठी वाट

आता जमिनीवर या. सड्यावर टॉवर, खाली चिरेबंदी घर, फोन माजघरात. सरळ वाट ९०० मीटरची, म्हणजे ३००० नॅनोसेकंद. पण ती आंब्यातून आणि पावसाने भिजलेल्या जांभ्याच्या दोन भिंतींतून येते, त्यामुळे मरतुकडी झालेली असते. शेजारच्या काजू कारखान्याच्या पत्र्यावर आपटून येणारी वाट ९६० मीटरची, ३२०० नॅनोसेकंदांची, पण खिडकीतून सरळ आत येते आणि १२ डीबीने जास्त जोरात असते. फोनने ‘सगळ्यात मोठा सिग्नल ३२०० ला आला’ एवढंच कळवलं, तर सर्व्हर फोनला टॉवरपासून आणखी ६० मीटर लांब नेऊन ठेवतो. शेजाऱ्याच्या गोठ्यातसुद्धा.

(जाता जाता: फोनचा सिग्नल गेला की ‘पाऊस आहे ना’ म्हणतात, ते अर्धंच खरं. या पट्ट्यांत हवेतला पाऊस सिग्नल फारसा खात नाही. भिजलेली पानं आणि सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणी जास्त खातात, आणि टॉवरची वीज गेलेली असते ते वेगळंच.)

उपाय रिपोर्टमध्ये आहे. पहिल्या पोचलेल्या वाटेची वेळ द्या, ती कितीही अशक्त असो. तिच्यानंतर आलेल्या वाटांची वेळ पहिलीच्या तुलनेत द्या आणि प्रत्येकीचा जोरही द्या. फाइव्हजी मानकाच्या रिलीज १६ या आवृत्तीत पहिल्या वाटेखेरीज आणखी २ वाटा कळवण्याची सोय होती. रिलीज १७ ने ती ८ पर्यंत नेली, वाटेगणिक जोर कळवण्याची सोय केली, आणि ‘ही वाट सरळ असण्याची शक्यता किती’ हा आकडा जोडला. तो नुसता हो-नाही असा देता येतो, किंवा ० ते १ मध्ये ०.१ च्या पायरीने.

हा शेवटचा आकडा फार कामाचा. पाच टॉवरांपैकी दोघांची वाट ०.२ आणि तिघांची ०.९ असेल, तर सर्व्हर त्या दोघांचं वजन कमी करतो. पण फोन सगळ्यांना सरसकट १ देत असेल तर तो आकडा नसलेलाच बरा, कारण खोट्या खात्रीने सर्व्हर नीट मोजणी आणि वाईट मोजणी एकाच तागडीत घालतो.

यात एक अडचण बँडविड्थची, म्हणजे मोजणीला वापरलेला पट्टा किती रुंद आहे याची. ३२०० आणि ३००० नॅनोसेकंद वेगळे ओळखायला २० मेगाहर्ट्झही पुरतात, कारण त्यात ५० नॅनोसेकंदांपर्यंतचं वेगळेपण दिसतं, म्हणजे १५ मीटर. पण पत्रा अंगणातच असेल आणि वाटांमधला फरक ५ मीटरचा असेल, तर २० मेगाहर्ट्झमध्ये दोन्ही वाटा एकाच ढिगात मिसळतात. १०० मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरपर्यंत वेगळं दिसतं. ढीग झालेला असताना रिपोर्टमध्ये आठ वाटा भरल्या तर त्यातल्या सहा गोंगाटाच्याच असतात. म्हणून मोजणी किती बँडविड्थवर झाली हेही रिपोर्टमधून कळायला हवं.

केबलचा हिशेब

रेडिओ लहर हवेत जेवढ्या वेगाने जाते तेवढ्या वेगाने अँटेना आणि यंत्र जोडणाऱ्या कोॲक्स केबलमध्ये जात नाही. साध्या केबलमध्ये तो वेग प्रकाशाच्या दोन तृतीयांश. १० मीटर केबल म्हणजे ५० नॅनोसेकंद, म्हणजे हिशेबात १५ मीटर. ही उशिराची रक्कम एकदा मोजून वजा करायची असते, आणि बहुतेक जण ती करतात. घोळ होतो तो पुढच्या पावसाळ्यानंतर. खारी हवा केबल खाते, दुरुस्तीला आलेला माणूस हाताशी असलेली १४ मीटरची केबल लावून जातो, आकडा मात्र जुनाच राहतो. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या होड्या खऱ्या अंतरापेक्षा ६ मीटर लांब दिसतात. सगळ्या एकाच दिशेने आणि सारख्याच चुकल्या, तर समजा केबल बदलली आहे.

फोनच्या आतही असाच उशीर असतो, आणि तो अँटेनागणिक वेगळा. रिलीज १७ मध्ये म्हणूनच मोजण्यांना गट क्रमांक देता येतो: एका गटातल्या मोजण्यांचा आतला उशीर जवळपास सारखा आहे असं फोन सांगतो. सर्व्हर एकाच गटातल्या दोन मोजण्या एकमेकींतून वजा करतो, आणि उशीर आपोआप उडतो.

समुद्रात टॉवर एकाच बाजूला

किनाऱ्यापासून १० किलोमीटर आत गेलेल्या होडीला सगळे टॉवर पूर्वेला दिसतात. दोन टॉवर किनाऱ्याने ४ किलोमीटर अंतरावर असतील, तर होडीवरून त्यांच्यातला कोन जेमतेम साडेबावीस अंशांचा. दोन्ही अंतरं काढताना २० मीटरची चूक धरली, तर पूर्व-पश्चिम चूक १४ मीटरच्या आसपास येते, पण उत्तर-दक्षिण ७० मीटरच्या वर जाते. वर्तुळं एकमेकांना इतकी तिरकी छेदतात की छेदबिंदू लांबट होतो.

इथे मोजणी सुधारून फार काही हाती लागत नाही, कारण किनाऱ्याची रचना बदलत नाही. पण उत्तर सांगण्याची पद्धत बदलता येते. ‘इथे, अधिक-उणे २० मीटर’ असं वर्तुळ न देता लंबवर्तुळ द्यावं: लांब बाजू किती, आखूड किती, कल कुठे, आणि किती टक्के खात्रीने. मोबाइल मानकांत ही सोय आहे. शोध घेणाऱ्या बोटीला उत्तर-दक्षिण फिरायचं की पूर्व-पश्चिम, हे त्या लंबवर्तुळावरून ठरतं.

वर्तुळ वाचतानाही खबरदारी घ्या. अँड्रॉइड फोन जी अचूकतेची त्रिज्या देतो ती ६८ टक्के खात्रीची असते. म्हणजे साधारण तीनदा मोजलं तर एकदा फोन त्या वर्तुळाच्या बाहेर असतो. बरेच ॲप ही त्रिज्या ‘जास्तीत जास्त चूक’ म्हणून दाखवतात.

खोलीत कोणी नाही, तरी श्वास चालू आहे

आता जागेऐवजी हालचाल ओळखण्याकडे वळू. राउटर आणि एक छोटा रिसीव्हर यांच्यामधल्या वाय-फाय लहरी खोलीत माणूस हलला की बदलतात, श्वासाने छाती वरखाली झाली तरी बदलतात. वाय-फाय सिग्नल अनेक बारीक पट्ट्यांत विभागलेला असतो. प्रत्येक पट्टीत लहर किती मोठी आली आणि किती सरकली, ही नोंद म्हणजे चॅनलची माहिती. स्वस्तातला ईएसपी३२ बोर्डही ती देतो: ६४ पट्ट्या, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे एका पॅकेटमागे १२८ बाइट. सेकंदाला १०० पॅकेट घेतली तर दिवसाला १.१ गिगाबाइट. गावाकडच्या नेटवर हे सगळं वर पाठवणं जमणार नाही, तेव्हा लोक सरळ पॅकेट कमी करतात. सेकंदाला १० घेतात. श्वास मिनिटाला १२ ते २०, तेव्हा १० नमुने भरपूर, असा हिशेब.

इथेच भूत शिरतं. विजेचा दाब कमी, पंखा हळू, मिनिटाला २०५ फेरे. तीन पाती, म्हणजे सेकंदाला १०.२५ पाती लहरींच्या वाटेत येतात. सेकंदाला १० वेळाच पाहिलं, तर १०.२५ चा ठेका ०.२५ चा दिसतो. मिनिटाला १५. रिकाम्या खोलीत कोणीतरी शांत झोपलं आहे असा रिपोर्ट जातो. कोकणात हे कुणाला सांगितलं तर देवचाराला नारळ ठेवतील. चूक नमुने घेण्याची आहे.

बरोबर क्रम असा. बोर्डवर सेकंदाला १०० नमुने घ्या. तिथेच गाळणी लावून १ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एका ठेक्याच्या, वरचं काढून टाका, आणि मगच सेकंदाला ५ नमुन्यांवर आणा. आधी गाळायचं, मग कमी करायचं; उलट केलं की पंखा आत शिरलाच. वर पाठवताना नमुने सेकंदाला किती घेतले होते आणि गाळणी कुठे लावली होती, हे दोन आकडे सोबत द्या. पॅकेट मधेच हरवली तर त्या जागी शेवटचा आकडा पुन्हा टाकू नका. जागा रिकामी ठेवा आणि प्रत्येक नमुन्याला त्याचा वेळशिक्का द्या.

आणखी एक नेहमीची चूक: रिसीव्हर सिग्नल कमी-जास्त झाला की आपला आवाज स्वतःच वाढवतो-घटवतो. वाढवला की सगळ्या पट्ट्या एकदम उसळतात, आणि सर्व्हरला वाटतं कोणीतरी दार उघडून आत आलं. प्रत्येक नमुन्यासोबत त्या क्षणीची वाढ किती होती हा एक बाइट पाठवला, की हा गैरसमज जातो.

वाय-फायच्या ८०२.११बीएफ या मानकात रिपोर्ट कमी करण्याची एक शहाणी पद्धत आहे. रिसीव्हर आधी फक्त ‘मागच्या वेळेपेक्षा किती बदललं’ हा एक आकडा देतो. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच पूर्ण नोंद मागवली जाते. दुपारी रिकाम्या घरात नोंदी जवळजवळ जातच नाहीत. मर्यादा ठरवताना मात्र घर बंद करून, पंखा चालू आणि बंद, दोन्ही वेळी मोजा. उन्हाळ्यात ठरवलेली मर्यादा जूनमध्ये पुन्हा तपासा, कारण पडवीत वाळत घातलेले ओले कपडेही वाऱ्याने हलतात.

१९ बाइट

होडीवर किंवा बागेत लावायच्या छोट्या ट्रॅकरसाठी लोरा चांगलं, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारा, पण हळू रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये परवाना लागत नाही. पण तिथे बाइट मोजूनमापून वापरावे लागतात. सगळ्यात हळू गतीला, म्हणजे एसएफ १२ ला, १९ बाइटचं पॅकेट हवेत १.८ सेकंद घेतं. जलद गतीला, म्हणजे एसएफ ७ ला, तेच ७२ मिलिसेकंद. त्यातला खर्च असा करावा.

वेळेला ४ बाइट, आणि ती जागा मोजली तेव्हाची, पॅकेट पोचलं तेव्हाची नव्हे. होडी टप्प्याबाहेर गेली की ट्रॅकर पॅकेट साठवतो आणि परत आल्यावर एकदम ओततो. मोजल्याची वेळ नसेल तर सर्व्हर तीन तासांचा प्रवास एका मिनिटात झालेला दाखवतो. फोनवर हाच दोष वेगळ्या रूपात येतो. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडलेल्या ॲपलाही २ मिनिटांत ४ वेळाच वाय-फाय स्कॅन करता येतो. त्याहून जास्त मागितलं तर जुनाच निकाल हातात पडतो. ३० सेकंद जुना निकाल म्हणजे चालत्या माणसाच्या बाबतीत ३६ मीटर मागे. निकालावर स्वतःचा वेळशिक्का असतो, तो वाचावा. तो फोन सुरू झाल्यापासूनचा असतो, घड्याळाचा नसतो.

जागेला ४ बाइट. ‘१६.९९१२३,७३.२८४५६’ असा मजकूर पाठवला तर १७ बाइट जातात. त्याऐवजी घरच्या बंदरापासून उत्तरेला किती आणि पूर्वेला किती हे ५ मीटरच्या पायरीत, प्रत्येकी २ बाइटमध्ये पाठवा. १६३ किलोमीटरपर्यंत दोन्ही बाजूंना पुरतं.

मग अचूकतेची त्रिज्या १ बाइट, जागा काढायला वापरलेल्या उपग्रहांची संख्या १, ही जागा किती सेकंद जुनी आहे ते १, वेग आणि दिशा २, बॅटरी १, यंत्राची आवृत्ती १. उरलेले ४ बाइट सगळ्यात जोरदार चार उपग्रहांच्या सिग्नलच्या दर्जासाठी. हे चार बाइट वाचवायचा मोह होतो. वाचवू नका.

उघड्या आकाशाखाली हा दर्जा ४० ते ५० डीबी-हर्ट्झ असतो, दाट ओल्या झाडीखाली २५ ते ३५. एक उपग्रह ४५ वर आणि बाकीचे २८ च्या खाली असतील, तर जागा मोठी भटकणार हे आकडे आधीच सांगतात. नांगरलेली होडी तासभर शेवटच्या पायरीपर्यंत एकाच जागी दाखवत असेल, तर ती स्थिर नाही. रिसीव्हर जुनी जागा धरून बसलाय. खरी होडी नांगरावरही झुलते, आणि खरी मोजणीही.

दर्जा पाच आठवड्यांत ४२ वरून ३६ वर हळूहळू उतरला असेल, तर अँटेनावर मिठाचा थर बसलाय. गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि दुसऱ्या दिवशी आकडा पाहा. तरीही वर आला नाही, तर केबलचा कनेक्टर उघडा. आत हिरवट चढलेलं असेल, तर नुसतं घासून भागत नाही. कनेक्टर बदला, वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी घडीत न शिरता ओघळून जातं. आणि केबल कापावी लागली असेल, तर नवी लांबी लिहून ठेवा.